वैयक्तिक वापरासाठी पासवर्ड मॅनेजरची निवड : महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना :

‘परवलीचा शब्द’ हा मराठीतील शब्दप्रयोग मूलतः पहाऱ्याशी निगडित आहे. रात्री दरवाजावर आलेल्या व्यक्तीने ठरलेला खुणेचा शब्द उच्चारला, तरच पहारेकरी तिला आत सोडीत असे. दरवाजा एक, शब्द एक आणि तो जाणणारी माणसेही मोजकी. आजच्या महाविद्यालयीन प्राध्यापकाची स्थिती याहून सर्वस्वी भिन्न आहे. बँक, आयकर विवरणपत्र, डिजिलॉकर, ई-मेल, इन्फ्लिबनेटचे ‘विद्वान’, ओआरसीआयडी, ‘स्वयं’वरील अभ्यासक्रम, विद्यापीठाचे परीक्षाविषयक कामकाज अशा कितीतरी दरवाजांसमोर त्याला दिवसभर उभे राहावे लागते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्यात नियुक्त झालेल्या प्राध्यापकांच्या बाबतीत निवृत्तिवेतनाची पुंजीदेखील एनपीएसच्या खात्यात, म्हणजे अशाच एका दरवाजाआड असते.

इतके शब्द स्मरणात ठेवणे मानवी बुद्धीला शक्य नाही. म्हणून बहुतेक जण एकच शब्द सर्वत्र वापरतात, किंवा त्यात वर्षाचा आकडा तेवढा बदलतात. या अडचणीवरील उपाय म्हणून पासवर्ड मॅनेजर या प्रकारच्या प्रणाली उपलब्ध आहेत. मात्र ‘त्यांतील सर्वोत्तम कोणती?’ असा प्रश्न विचारून निवड केली जाते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे, तिजोरीच चोरीस गेली तर काय होईल आणि मालक स्वतःच बाहेर अडकला तर ती कोण उघडेल, हे ते मूळ प्रश्न होत. प्रस्तुत लेखात याच तीन प्रश्नांच्या आधारे निवडीचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१. एकच परवलीचा शब्द अनेक ठिकाणी वापरण्यातील धोका स्पष्ट करणे.
२. पासवर्ड मॅनेजरचे कार्यतत्त्व समजून घेणे.
३. उपलब्ध प्रकारांची तुलना करून निवडीचे निकष मांडणे.
४. मुख्य शब्द, प्रतिलिपी व वारसांसाठीची तरतूद यांसंबंधी व्यवहार्य सूचना करणे.

१. पुनर्वापराचा धोका :

परवलीचा शब्द कोणीतरी बसून ओळखून काढील, अशी सर्वसाधारण भीती असते. प्रत्यक्षात अधिक मोठा धोका निराळा आहे. २००९ मध्ये ‘रॉकयू’ या अमेरिकन कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख परवलीचे शब्द बाहेर पडले. ते कोणत्याही सांकेतिक रूपात नव्हते. जसे टंकले तसेच साठवलेले होते. त्यांत सर्वाधिक वेळा आढळलेला ‘शब्द’ होता १२३४५६. भारतात २०२० मध्ये ‘बिगबास्केट’च्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती फुटल्याचे उघड झाले. किराणा मागवण्याच्या खात्यात चोरण्यासारखे काय असते, असे कोणालाही वाटेल. परंतु तेथील ई-मेल पत्ता आणि परवलीचा शब्द हीच जोडी ई-मेलसाठीही वापरलेली असेल, तर चोराला किराण्याशी कर्तव्य उरत नाही. हाती आलेली जोडी यंत्राच्या साह्याने इतर शेकडो ठिकाणी लावून पाहिली जाते. एकदा ई-मेल उघडले की ‘शब्द विसरलो’ ही सोय वापरून उर्वरित खातीही ताब्यात घेता येतात.

या संदर्भात जुन्या सल्ल्याचाही पुनर्विचार झाला आहे. मोठे अक्षर, अंक आणि चिन्ह यांची सक्ती तसेच ठरावीक काळाने शब्द बदलणे हा उपदेश अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या २००३ च्या दस्तऐवजातून जगभर पसरला. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याच वर्षीच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत निस्टने ठरावीक मुदतीने शब्द बदलण्याची सक्ती करू नये, असे सांगितले. शब्दाची लांबी आणि त्याचे वेगळेपण यांना आता प्राधान्य आहे. प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब शब्द हवा असेल, तर तो स्मरणात नव्हे, कोठेतरी साठवूनच ठेवावा लागेल, हे ओघानेच आले.

२. कार्यतत्त्व :

पासवर्ड मॅनेजर म्हणजे कुलूपबंद नोंदवही होय. वापरकर्ता एक मुख्य शब्द ठरवतो. त्या शब्दावर गणिती प्रक्रिया लाखो वेळा करून एक किल्ली तयार होते आणि तिच्या आधारे संपूर्ण नोंदवही सांकेतिक रूपात बदलली जाते. प्रक्रियेची ही पुनरावृत्ती हेतुपुरस्सर असते. मालकाला त्यामुळे क्षणभरच थांबावे लागते. परंतु कोट्यवधी शब्द लावून पाहणाऱ्या चोराला तो क्षण प्रत्येक प्रयत्नाला मोजावा लागतो. चांगल्या प्रणालीत हे सांकेतिकीकरण वापरकर्त्याच्याच फोनवर किंवा संगणकावर होते आणि कंपनीकडे केवळ अगम्य मजकूर पोहोचतो. अशी कंपनी इच्छा असूनही नोंदवही वाचू शकत नाही. अर्थात तीच कंपनी विसरलेला मुख्य शब्दही परत मिळवून देऊ शकत नाही. ही एकाच गुणाची दुसरी बाजू आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

या प्रणालीचा आणखी एक लाभ फारसा चर्चिला जात नाही. ती प्रत्येक शब्दाबरोबर संकेतस्थळाचा नेमका पत्ताही नोंदवते. बँकेच्या नावाशी एका अक्षराचा फरक असलेले बनावट पान समोर आले, तर घाईत असलेला डोळा फसतो. यंत्र मात्र पत्ता जुळत नसल्याने शब्द आपोआप भरत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा शब्द एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर तो हाताने टंकण्यापूर्वी पत्ता तपासावा. वेतन, आयकर परतावा किंवा बँक खात्याच्या केवायसीच्या नावाने येणाऱ्या फसव्या संदेशांच्या काळात हा लाभ लहान नाही.

३. उपलब्ध प्रकार :

(अ) ब्राउझर व फोन यांमधील अंगभूत सोय : गूगल पासवर्ड मॅनेजर, ॲपलचे सप्टेंबर २०२४ पासून स्वतंत्र झालेले ‘पासवर्ड्‌स’ हे ॲप, मायक्रोसॉफ्ट एज यांतील सोय या गटात मोडते. ती विनामूल्य असते आणि वेगळे काही शिकावे लागत नाही. ज्यांची सर्व साधने एकाच कंपनीची आहेत, त्यांना ती पुरेशी ठरते. मर्यादा अशी की नोंदवही त्या कंपनीच्या खात्याला जोडलेली राहते. ॲपलचे हे ॲप अँड्रॉइड फोनवर उपलब्ध नाही. शिवाय विभागातील सामाईक संगणकावर ब्राउझरच्या ‘शब्द साठवू का?’ या प्रश्नाला सवयीने होकार दिला जातो आणि नंतर त्या संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते खाते उघडे मिळते.

(आ) स्वतंत्र मेघाधारित प्रणाली : बिटवॉर्डन, वनपासवर्ड, प्रोटॉन पास, तसेच भारतीय कंपनीचे झोहो व्हॉल्ट ही यांची उदाहरणे. त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या साधनांवर चालतात. बिटवॉर्डनची संगणकीय संहिता सर्वांना तपासण्यासाठी खुली आहे आणि तिच्या विनामूल्य योजनेतही शब्दांच्या वा साधनांच्या संख्येवर मर्यादा नाही. वनपासवर्डमध्ये मुख्य शब्दाला साधनावर तयार झालेल्या एका गुप्त किल्लीची जोड दिलेली असते. त्यामुळे केवळ कंपनीकडील साठा चोरून मुख्य शब्दाचा तर्क करणे निष्फळ ठरते. मात्र ही सेवा सशुल्क आहे.

(इ) स्वतःजवळील फाइल : कीपास ही प्रणाली २००३ पासून उपलब्ध असून विनामूल्य व मुक्त संहितेची आहे. कीपासएक्ससी हे तिचेच भावंड. यात नोंदवही ही एक सांकेतिक फाइल असते आणि ती कोठे ठेवावयाची हे मालक ठरवतो. कंपनी नाही, खाते नाही, इंटरनेटचीही गरज नाही. शहरातून जालना, बीड वा धाराशिव जिल्ह्यांतील महाविद्यालयांत जाणाऱ्या, जोडणीचा भरवसा नसलेल्या प्राध्यापकास हा गुण उपयुक्त वाटेल. परंतु फोन व संगणक यांवरील प्रती जुळत्या ठेवणे आणि फाइल जपणे ही जबाबदारी पूर्णतः त्याचीच राहते.

(ई) कागदी वही : तंत्रज्ञ मंडळी तिची थट्टा करतात, पण घरातील कपाटात ठेवलेली वही दूरदेशीच्या चोराच्या हाती लागत नाही. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या आणि मोजकीच खाती असलेल्या व्यक्तीने सर्वत्र एकच शब्द वापरण्यापेक्षा वहीत वेगवेगळे शब्द लिहून ठेवणे निश्चितच सुरक्षित आहे. बनावट पान ओळखणे, लांब शब्द तयार करून देणे किंवा प्रवासात उपयोगी पडणे हे मात्र तिला साधत नाही. वही खिशात वा टेबलाच्या खणात असेल, तर तिचा मूळ गुणही संपतो.

४. निवडीचे निकष :

पहिला निकष किल्लीचा. नोंदवही साधनावरच सांकेतिक होते काय, कंपनीला ती वाचता येते काय आणि नोंदीतील कोणता भाग सांकेतिक होत नाही, हे पाहावे. या निकषाचे महत्त्व ‘लास्टपास’च्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ऑगस्ट २०२२ मध्ये या कंपनीच्या यंत्रणेत शिरकाव झाला. पुढे एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावरील दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरमधील त्रुटीचा फायदा घेऊन त्याचा मुख्य शब्द टिपण्यात आला आणि ग्राहकांच्या नोंदवह्यांच्या प्रती चोरीस गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने हे जाहीर केले. नोंदवह्यांतील शब्द सांकेतिक होते; परंतु संकेतस्थळांचे पत्ते तसे नव्हते. म्हणजे कोणाचे खाते कोणत्या बँकेत आहे, हे चोरांना उघड दिसत होते. काही जुन्या खात्यांमध्ये गणिती प्रक्रियेच्या पुनरावृत्तीची संख्याही फार कमी राहिली होती. ज्यांचा मुख्य शब्द दुबळा होता, त्यांची नोंदवही चोरांना सवडीने उघडता येण्याजोगी झाली. ज्यांचा शब्द लांब व यादृच्छिक होता, त्यांना बराच अवधी मिळाला. तिजोरी चोरीस जाऊ शकते, हे गृहीत धरूनच निवड करावी, हा या घटनेचा धडा होय.

स्वतःजवळची फाइलही निर्धोक नसते. २०२३ मध्ये कीपासच्या २.५४ पूर्वीच्या आवृत्त्यांत, संगणकाच्या स्मृतीतून मुख्य शब्दाचा बहुतांश भाग परत मिळवता येतो अशी त्रुटी आढळली. ती नव्या आवृत्तीत दूर करण्यात आली. म्हणून प्रणालीच्या त्रुटी प्रकट केल्या जातात काय आणि त्या तत्परतेने सुधारल्या जातात काय, हा दुसरा निकष ठरतो. त्रुटींची वार्ता कधीच न येणे हे सुरक्षिततेचे लक्षण मानता येत नाही.

तिसरा निकष बाहेर पडण्याच्या वाटेचा. मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘ऑथेंटिकेटर’ या ॲपमधील परवलीचे शब्द भरण्याची सोय २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद केली. ऑगस्ट २०२५ पासून त्या ॲपमधून साठवलेले शब्द पाहता येईनासे झाले आणि वापरकर्त्यांना एज ब्राउझरकडे अथवा अन्यत्र वळावे लागले. सेवा बंद होऊ शकते, शुल्क वाढू शकते. म्हणून सर्व नोंदी एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात काय, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहावे. ही बाहेर काढलेली फाइल बहुधा उघड्या मजकुराची असते. काम झाल्यावर ती ‘डाउनलोड्‌स’मध्ये विसरून न जाता पूर्णपणे नष्ट करावी.

५. मुख्य शब्दाची निर्मिती :

उरलेले सर्व शब्द यंत्राने तयार करावेत. माणसाने केवळ एक शब्द लक्षात ठेवावा. तो जन्मतारीख, अपत्याचे नाव अथवा आवडत्या अभंगाचा चरण नसावा, कारण परिचितांना आणि यंत्रालाही असे शब्द लवकर सुचतात. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे सुमारे २०,८८३ कोटी शब्द होतात. ही संख्या अवाढव्य भासते. परंतु सेकंदाला १०० कोटी प्रयत्न होतात असे गृहीत धरल्यास ती साडेतीन मिनिटांत संपते. याउलट १९९५ मध्ये आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी सुचवलेल्या ‘डाइसवेअर’ पद्धतीत पाच वेळा फासा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निवडला जातो. असे पाच शब्द घेतल्यास त्याच वेगाने सर्व शक्यता तपासण्यास सुमारे ९०० वर्षे लागतील. शिवाय पासवर्ड मॅनेजरमधील गणिती पुनरावृत्तीमुळे प्रत्यक्ष वेग यापेक्षा पुष्कळच कमी असतो. शब्द मनाने न निवडता फाशाने निवडणे, हे या पद्धतीचे मर्म आहे.

मराठी वापरकर्त्याने एक विशेष दक्षता घ्यावी. मुख्य शब्द देवनागरीत ठेवण्याचा मोह होतो. पण पडद्यावर सारखे दिसणारे अक्षर संगणकाच्या लेखी सारखे असतेच असे नाही. ‘दऱ्या’मधील अर्धा र किंवा ‘ॲ’ हे अक्षर निरनिराळ्या कळफलकांवर निरनिराळ्या संकेतक्रमांनी उमटू शकते. फोनवर ठरवलेला शब्द मग संगणकावर नाकारला जातो आणि चूक कोठे आहे हे डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून मराठी शब्द घ्यावयाचे असल्यास ते रोमन लिपीत टंकावेत आणि त्यांचे स्पेलिंग कागदावर निश्चित करावे; ‘वाळू’सारखा साधा शब्दही रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिला जाऊ शकतो.

मुख्य शब्दाला दुय्यम पडताळणीची जोड द्यावी. मात्र तिचे ॲप एकाच फोनमध्ये असेल आणि तो फोन हरवला, तर मालकच बाहेर राहतो. यासाठी प्रणाली देत असलेला पुनःप्राप्ती संकेत कागदावर लिहून घरी ठेवणे अगत्याचे आहे. एटीएमचा व यूपीआयचा पिन मात्र नोंदवहीत न ठेवता स्मरणातच असू द्यावा.

६. प्रतिलिपी आणि वारस :

शहरापासून जवळच असलेल्या देवगिरीच्या किल्ल्याकडे पाहिले, की संरक्षणाची कल्पना किती दूरवर नेता येते याचा प्रत्यय येतो. तासलेला कडा, खंदक, ‘अंधारी’ म्हणून ओळखला जाणारा भुयारी मार्ग आणि वर जाण्यास एकच वाट. तरीही १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या स्वारीत रामचंद्रदेव यादवाला शरण जावे लागले. गडावर साठवलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे त्याचे कारण परंपरेने सांगितले जाते. कथेचा ऐतिहासिक तपशील काहीही असो, न तपासलेल्या साठ्यावर विसंबून राहू नये, हे तिचे तात्पर्य येथे लागू पडते. नोंदवहीची प्रत पेनड्राइव्हवर ठेवली एवढ्याने भागत नाही. ती दुसऱ्या संगणकावर उघडते काय, हे वर्षातून एकदा तरी पाहावे लागते.

दुसरा प्रश्न मालकाच्या पश्चात निर्माण होतो. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जतन केले. पंथात ती लिपी गुरूकडून शिष्याकडे जात राहिली, म्हणून ग्रंथ वाचले गेले. पंथाबाहेरील मराठी वाचकाला मात्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीची उकल करीपर्यंत ते बंदच होते. गुप्तता शतकानुशतके टिकली ती किल्ली पुढे देण्याची व्यवस्था असल्यामुळे. आजच्या कुटुंबात बहुधा ही व्यवस्थाच नसते. विमा, मुदतठेव, एनपीएस यांची माहिती एकाच व्यक्तीच्या फोनमध्ये राहते आणि तिच्या अकस्मात निधनानंतर कोणते खाते कोठे आहे, हेदेखील कुटुंबाला उमगत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. काही प्रणालींत विश्वासू व्यक्तीस ठरावीक प्रतीक्षाकाळानंतर प्रवेश देण्याची सोय असते. बिटवॉर्डनमध्ये ती सशुल्क योजनेत मिळते. दुसरा मार्ग साधा आहे. मुख्य शब्द, पुनःप्राप्ती संकेत आणि फोन उघडण्याची खूण कागदावर लिहून तो पाकिटात बंद करावा, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरातील कपाटात ठेवावा आणि ते पाकीट कोठे आहे, हे जोडीदारास सांगावे. मात्र मृत व्यक्तीचे बँक खाते तिच्या शब्दाने उघडून रक्कम काढणे हा योग्य मार्ग नव्हे. नोंदवहीने खाती कोणती आहेत हे कळावे. रक्कम नामनिर्देशनाच्या व वारसाहक्काच्या रीतीनेच मिळवावी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. परवलीच्या शब्दांची व्यवस्था लावताना ते अर्जही पूर्ण करणे श्रेयस्कर ठरेल.

७. वैयक्तिक आणि कार्यालयीन शब्दांची फारकत :

महाविद्यालयातील नॅक, एआयएसएचई, परीक्षा अशा कामांचे शब्द समन्वयकाकडून समन्वयकाकडे जातात. पुष्कळदा ते विभागाच्या व्हॉट्सॲप गटावरच टाकले जातात. असे शब्द वैयक्तिक नोंदवहीत मिसळू नयेत. पदभार बदलताना ते विधिवत सुपूर्द करावेत आणि नव्या समन्वयकाने लगेच बदलावेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ क अन्वये दुसऱ्याचा परवलीचा शब्द कपटाने वा अप्रामाणिकपणे वापरणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र असा अपराध आहे. शब्द सर्वांना ठाऊक असेल, तर गैरवापर कोणी केला हे सिद्ध करणे दुष्कर होते आणि संशय ज्याच्या नावे खाते आहे त्याच्यावर येतो. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

निष्कर्ष :

१. सर्वत्र एकच शब्द वापरण्यापेक्षा वरीलपैकी कोणताही प्रकार, अगदी कपाटातील कागदी वहीदेखील, अधिक सुरक्षित आहे.
२. सर्व साधने एकाच कंपनीची असल्यास अंगभूत सोय पुरते. साधने संमिश्र असल्यास बिटवॉर्डनसारखी मुक्त संहितेची मेघाधारित प्रणाली सोयीची. प्रती जपण्याची शिस्त असलेल्यास कीपासएक्ससी उत्तम.
३. नोंदवही चोरीस जाऊ शकते असे गृहीत धरून पाच-सहा यादृच्छिक शब्दांचा मुख्य शब्द ठेवावा आणि दुय्यम पडताळणी सुरू करावी.
४. सर्व खाती एका दिवसात हलवण्याचा अट्टहास करू नये. प्रथम ई-मेल, मग बँक व निवृत्तिवेतन आणि त्यानंतर उर्वरित खाती असा क्रम ठेवावा.
५. प्रत उघडून तपासलेली नसेल आणि पाकीट कोठे आहे हे घरातील एकाही व्यक्तीला ठाऊक नसेल, तर निवड पूर्ण झाली असे मानू नये.

परवलीचा शब्द परक्याला दरवाजाबाहेर ठेवण्यासाठी असतो. त्याच शब्दामुळे घरचे माणूस बाहेर अडकणार नाही, याची तजवीज मात्र प्रणाली करीत नाही. ती मालकालाच करावी लागते.